बीडचा माणूस, व्हिसाची फाईल आणि निजामाचे दप्तर

१/
व्हिसाच्या अर्जातले पहिले तीन रकाने अगदी साधे असतात : नाव, जन्मतारीख, जन्मस्थान. आजच्या विशीतल्या तरुणाला ते भरायला दोन मिनिटे लागतात. परदेशी राहणाऱ्या मुलीकडे जाऊ इच्छिणाऱ्या बीड जिल्ह्यातील एखाद्या आजींची फाईल करायला बसा, म्हणजे याच तीन रकान्यांपाशी आठवडे कसे जातात ते कळेल. यात दोष आजींचा नाही आणि अर्जाचाही फारसा नाही. याचे कारण शोधायचे तर निजामाच्या दप्तरात शिरावे लागते. आजचा धागा त्याविषयी.

२/
आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. व्हिसा देणारा अधिकारी अर्जदाराला ओळखत नाही, त्याचे गाव त्याने पाहिलेले नसते. समोरचे कागद एकमेकांशी जुळतात की नाही, एवढेच तो पाहू शकतो. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र, जमिनीचा उतारा या सर्वांनी एकाच माणसाविषयी एकच साक्ष द्यावी, अशी त्याची अपेक्षा असते. बीडची अडचण येथेच सुरू होते. तेथील जुन्या कुटुंबांचे कागद एका सरकारने केलेले नाहीत. प्रत्येक राजवटीची भाषा वेगळी, कालगणना वेगळी, माणसाचे नाव लिहिण्याची रीतही वेगळी.

३/
उदाहरण घ्या. एक मुलगी १९४६ साली अंबाजोगाईत जन्मली आणि आयुष्यभर तेथेच राहिली. जन्माच्या वेळी ती निजामाची प्रजा होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तिचे गाव भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. उंबरठा न ओलांडता तिची चार राज्ये झाली. तिच्या जन्माच्या वेळी सरकारी कागदांत गावाचे नावही अंबाजोगाई नव्हते, मोमिनाबाद होते. जिल्ह्याच्या नावाचीही तीच गत. इंग्रजी कागदांत तो दीर्घकाळ ‘भीर’ असा लिहिला जाई. १९६९ साली महाराष्ट्र शासनाने काढलेल्या जिल्हा गॅझेटिअरवरही इंग्रजीत ‘भीर’च आहे.

आता जन्मस्थानाच्या रकान्यात काय लिहावे? मोमिनाबाद, जिल्हा भीर, हैदराबाद संस्थान? की अंबाजोगाई, जिल्हा बीड, महाराष्ट्र?

४/
उत्तराआधी थोडे मागे जाऊ. प्रवासाला परवाना लागणे ही गोष्ट नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘मुद्राध्यक्ष’ नावाचा अधिकारी आहे. एक माषक घेऊन तो मुद्रा देई आणि मुद्रेवाचून जनपदात येणाऱ्या-जाणाऱ्यास बारा पण दंड होई. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ सुरू केले. तो परवाना नसलेले जहाज ते लुटत, म्हणून दख्खनच्या सुलतानांच्या आणि मोगलांच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. मराठी रियासतीतील दस्तके आपल्या परिचयाची आहेतच. मात्र या कागदांना रस होता तो माल, जहाज, वाट आणि जकात यांत. प्रवाशाची जन्मतारीख त्यांपैकी कोणी विचारत नसे.

५/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही हीच स्थिती होती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांच्यापुढे पैशांचा प्रश्न होता, समाजाच्या रोषाचा होता, परक्या देशात कोणाकडे उतरावे हाही होता. व्हिसाचा प्रश्न नव्हता, कारण तसा कागदच नव्हता. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, त्यामागे ४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानाशी झालेला शिष्यवृत्तीचा करारनामा होता. अमेरिकेने परदेशी प्रवाशांकडून सरसकट व्हिसा मागायला सुरुवात केली ती १९१७ साली, महायुद्धात उतरल्यावर.

६/
आजच्या पासपोर्ट-व्हिसाचा जन्म या पहिल्या महायुद्धात झाला. हेरांची भीती होती, म्हणून देशोदेशीच्या सरकारांनी सीमेवर कागद तपासणे सुरू केले. युद्ध संपले, तपासणी राहिली. हिंदुस्थानात १९२० चा पासपोर्ट कायदा आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवून पासपोर्टचा नमुना ठरवला : ३२ पानांची पुस्तिका, पुठ्ठ्याचे वेष्टन, फ्रेंच आणि आणखी एक भाषा. ही व्यवस्था तात्पुरती आहे, पुढेमागे बंद होईल, असे तेव्हा अनेकांना मनापासून वाटत होते. शंभर वर्षे उलटून गेली!

७/
त्या काळी बीडचा माणूस परदेशी निघाला असता तर? तो निजामाची प्रजा होता, ब्रिटिश प्रजा नव्हता. संस्थानी प्रजेसाठी साम्राज्याने एक वेगळी वर्गवारी ठेवली होती : ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’. म्हणजे शेजारच्या अहमदनगरचा शेतकरी कायद्याच्या भाषेत ब्रिटिश प्रजा आणि आष्टी-पाटोद्याचा शेतकरी नुसताच संरक्षित. दोघांची शिवारे एकमेकांना लागून, बोली एक, सोयरीक एकमेकांत. कागदावर मात्र दोघे वेगळे.

घरच्या संस्थानातही ‘आपला कोण’ हे कागदानेच ठरे. १९१९ च्या फर्मानानंतर हैदराबादच्या सरकारी नोकरीसाठी ‘मुल्की’ असल्याचा दाखला महत्त्वाचा झाला. जन्माने वा दीर्घ वास्तव्याने संस्थानचा असणारा तो मुल्की. रहिवासाच्या दाखल्याची आपली सवय किती जुनी आहे ते यावरून दिसते.

८/
२६ जानेवारी १९५० रोजी घटनेच्या पाचव्या कलमाने प्रश्न सोपा केला. भारतात अधिवास आणि भारतात जन्म, किंवा आईवडिलांपैकी एकाचा जन्म, किंवा पाच वर्षांचे वास्तव्य. निजामाची कालची प्रजा भारताची नागरिक झाली. पण फाळणी आणि पोलीस ॲक्शन यांच्या उलथापालथीत हैदराबाद संस्थानातील काही कुटुंबे दुभंगली. एक भाऊ येथे, दुसरा कराचीत. १५ ऑक्टोबर १९५२ पासून भारत आणि पाकिस्तान यांच्यात पासपोर्ट आणि व्हिसा लागू झाला. अशा घरांना व्हिसा हा शब्द प्रथम कळला तो लंडन-न्यूयॉर्कमुळे नव्हे, सख्ख्या भावाच्या लग्नाला जाता येईल की नाही या विवंचनेतून.

९/
पासपोर्ट मिळणे हा हक्क आहे, ही कल्पनाही तुमच्या आजोबांच्या हयातीतलीच. १९६७ पर्यंत तो देणे न देणे सरकारच्या मर्जीवर होते. एप्रिल १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य व्यक्तिस्वातंत्र्यात येते असा निर्णय दिला. पाच न्यायाधीशांपैकी तिघे बाजूने, दोघे विरुद्ध. त्यानंतर घाईने अध्यादेश निघाला आणि २४ जूनला पासपोर्ट कायदा झाला. पुढे १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने हा हक्क अधिक पक्का केला.

आता पुन्हा आपल्या तीन रकान्यांकडे.

१०/
जन्मस्थान. व्यवहारात उत्तर असे की पासपोर्टवर आजचे नाव येते आणि व्हिसाच्या अर्जात पासपोर्टबरहुकूम लिहायचे असते. जुना कागद वेगळे सांगत असेल, तर तो आणि हा एकच गाव असल्याचे सोबत स्पष्ट करायचे. ही कटकट जुन्या पिढीपुरती आहे असे समजू नका. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, त्यापाठोपाठ अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. बीडमधल्या कितीतरी मुलांचा जन्म औरंगाबादच्या दवाखान्यातला आहे. त्यांच्या पासपोर्टवर एक नाव आणि दाखल्याच्या नव्या प्रतीवर दुसरे असू शकते. आपण सारे त्या आजींच्या पंगतीत येऊन बसलो आहोत.

११/
जन्मतारीख. येथे खरी मौज आहे आणि खरा त्रासही. निजामाच्या राज्यात सरकारी कालगणना फसली सनाची होती. वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास ‘आजुर’ महिन्याने सुरू होई. पुढे दै, बहमन, इस्फंदार अशी इराणी नावे. शुहूर सनाशी झगडलेल्या इतिहासप्रेमींना हे परके वाटणार नाही. इसवी सन काढायचा तर फसली सनात ५९० मिळवायचे, पण जानेवारीपासून पुढे ५९१.

जुन्या कागदावर ‘१३५५ फसली’ असेल तर ते वर्ष ऑक्टोबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६ असे आहे. महिना आजुर किंवा दै असेल तर जन्म १९४५ चा, खुर्दाद असेल तर १९४६ चा. रूपांतर करणाऱ्याने सरसकट ५९० मिळवले की आजी एका वर्षाने मोठ्या होतात आणि मुलीच्या पासपोर्टसाठी दिलेल्या माहितीशी त्यांचा मेळ बसत नाही.

१२/
निजामाच्या राज्याबरोबर हे प्रकरण लगेच संपलेही नाही. जहागिरी रद्द करणारा हैदराबादचा कायदा ऑगस्ट १९४९ चा, म्हणजे पोलीस ॲक्शननंतरचा. तरीही त्याच्या नावात साल आहे १३५८ फसली. राज्य गेले तरी दप्तराचे घड्याळ काही काळ जुन्याच वेळेवर चालत राहते.

१३/
अर्थात फसली सनाची नोंद सापडली तर ते घर भाग्यवान म्हणायचे. बहुतेकांकडे ती नसतेच. जन्ममृत्यूच्या नोंदी गावकामगारांच्या भरवशावर होत्या. आज आपण जो कायदा पाळतो तो १९६९ चा, महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झालेला. त्याआधीच्या माणसांचे जन्मवर्ष घरच्या आठवणीत असते : ‘रझाकाराच्या वक्ताला मी पाळण्यात होते’, ‘थोरला बहात्तरच्या दुष्काळात रांगत होता’. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा पुरावा मोलाचा वाटेल, कारण ज्ञात घटनेवरून अज्ञात घटनेचा काळ ठरवणे हीच आपली रीत आहे. वकिलातीत मात्र दिवस, महिना आणि वर्ष असे तीन आकडे लागतात.

१४/
हे आकडे पुरवले गुरुजींनी. शाळेत घालायला आलेल्या पोराचा जन्म कधीचा, हे बापाला सांगता येत नसे. गुरुजी पोराकडे पाहत आणि प्रवेश निर्गम नोंदवहीत १ जून लिहून टाकत. शाळा जूनमध्ये भरे, वयाची अट पुरी होई, काम झाले. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत १ जूनला वाढदिवस असणारी माणसे इतकी आहेत ती यामुळे. ज्यांनी शाळाच पाहिली नाही त्यांना आधारने दुसरी तारीख दिली. केवळ अंदाजे वय सांगितले की १ जानेवारी. एकाच घरात आजोबा १ जूनचे आणि आजी १ जानेवारीच्या! हे पाहून परदेशी अधिकाऱ्याच्या मनात शंका आली तर त्याला फार दोष देता येत नाही.

१५/
नाव. निजामी महसुली कागदांत माणूस ‘अमुक वल्द तमुक’ असा येतो, म्हणजे अमुक, तमुकचा मुलगा. बाई ‘जौजे अमुक’, म्हणजे अमुकची पत्नी. आडनाव अनेकदा नसतेच. गावपातळीवर मोडी लिपीतली मराठी आणि वर सरकारात उर्दू. १८८० च्या दशकात फारसी जाऊन हैदराबादच्या दरबारी कामकाजात उर्दू आली होती.

आता ‘ज्ञानोबा’ हे बीडकडचे घरोघरीचे नाव घ्या. मराठी शिकलेला मास्तर इंग्रजीत ते ‘डी-एन-वाय’ने सुरू करतो. उर्दू जाणणारा कारकून उच्चारावर जाऊन ‘ग’ने सुरू करतो. तोंडी रूप तर ‘ग्यानबा’ असतेच. वैजनाथाचा कुठे बैजनाथ होतो. रुक्मिणीला एका कागदावर ‘बाई’ लागते, दुसऱ्यावर लागत नाही. गावात यामुळे कोणाचे काही अडत नाही. फाईलमध्ये अडते.

१६/
कारण पासपोर्ट आता यंत्र वाचते. फोटोच्या पानाच्या तळाशी ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. नावासाठी त्यांतल्या ३९ जागा, आणि आडनाव आधी, उरलेले नाव नंतर. नाव, वडिलांचे नाव, आडनाव हा आपला क्रम तिला ठाऊक नाही. आडनावच नसेल तर? संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असणाऱ्यांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली. ‘वल्द’ लिहून मोकळ्या झालेल्या दप्तराची वारसदार माणसे अशी दुबईच्या दारात थांबली.

स्त्रियांचे काम याहून किचकट. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे, सातबाऱ्यावर कधी तिसरेच. लग्नाची नोंदणी त्या काळी कोणी करत नसे. त्यामुळे ‘ही आणि ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नावबदलाची जाहिरात आणि उशिराने केलेली विवाह नोंदणी असा तिहेरी पूल बांधावा लागतो. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्याने आईचे नाव बंधनकारक केले आहे : आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. निर्णय स्वागतार्हच आहे. ३९ जागांत हे सारे कसे बसवायचे, ते ही मुले मोठी झाल्यावर पाहतील.

१७/
तीन रकाने झाले की प्रश्न येतो परत येण्याचा. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यानुसार भेटीसाठी येणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच आला आहे असे गृहीत धरतात. तसे नाही हे अर्जदाराने पटवायचे. मग मायदेशी बांधून ठेवणारे काय आहे ते दाखवावे लागते : घर, जमीन, बँकेतील शिल्लक, आयकर विवरणपत्रे.

बीडचा शेतकरी येथे विचित्र कोंडीत सापडतो. त्याला गावाशी बांधणारी गोष्ट जमीन, आणि जमीन अजून आजोबांच्या नावावर, कारण वारसाचा फेरफार झालेला नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र भरलेले नाही. कापूस आणि ऊस यांचे पैसे हंगामाला एकदम येतात, म्हणून खात्यावर अचानक मोठी रक्कम दिसते, आणि अशी रक्कम अधिकाऱ्याला नेमकी खटकते. अशा वेळी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, कारखान्याची बिले आणि आडतीच्या पट्ट्या जोडणे हेच शहाणपणाचे. जमिनीचा वारसा सिद्ध करायला मराठवाड्यात पुन्हा जुने दप्तर लागते. १९५४-५५ चे खासरा पत्रक आणि त्यानंतरची पहाणी पत्रके हे तेथील सातबाऱ्याचे पूर्वज होत.

१८/
पदव्यांचेही तसेच. जुन्या पिढीतील शिकलेला माणूस उस्मानिया विद्यापीठाचा, जेथे १९१८ च्या स्थापनेपासून शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठवाडा विद्यापीठ निघाले १९५८ मध्ये. दीर्घ लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. १९९३ ची गुणपत्रिका आणि १९९४ ची पदवी यांवर दोन नावे असतील, तर परदेशी तपासनीसाला त्यामागचा इतिहास सांगणारे विद्यापीठाचे पत्र जोडावे लागते. अशा पत्रात एका सामाजिक लढ्याची नोंद दोन ओळींत येऊन जाते.

कागद खरा आहे यावर आपल्या सरकारचा शिक्का हवा, तो ‘अपोस्टील’. मूळ करार १९६१ चा, भारतात १४ जुलै २००५ पासून लागू. अमिराती त्या करारात नाही. म्हणून तिकडे जाणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयानंतर वकिलातीचाही शिक्का घ्यावा लागतो.

१९/
बीडमधून परदेशी जाण्याची सर्वांत जुनी आणि अखंड वाट हजची. हज यात्रेकरूंसाठी पूर्वी वेगळा पास असे. २००९ पासून सौदी अरेबियाने पूर्ण आंतरराष्ट्रीय पासपोर्ट सक्तीचा केला, आणि घरातल्या वृद्धांनी आयुष्यात पहिल्यांदा जन्मतारखेचा पुरावा शोधायला घेतला. गंमत पुढेच आहे. मक्केत निजामाने यात्रेकरूंसाठी रुबात, म्हणजे निवासस्थाने, ठेवली होती. तेथील सोय जुन्या हैदराबाद राज्याच्या सर्व जिल्ह्यांतील यात्रेकरूंना सोडतीने देण्याची रीत पुढेही राहिली आणि त्यांत बीड येते. १९५६ मध्ये नकाशावरून पुसलेले राज्य मक्केतील एका खोलीच्या वाटपात जिवंत राहिले.

२०/
जुन्या नोंदी शोधायच्या कुठे? तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचा अभिलेख कक्ष, भूमी अभिलेख, शाळेचे निर्गम रजिस्टर, आणि अगदी जुन्यासाठी हैदराबादचे राज्य अभिलेखागार. मराठवाड्यात २०२३ पासून या दप्तरांना अचानक वर्दळ लाभली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि उर्दू-मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. त्या वादात येथे शिरायचे नाही. मात्र त्यानिमित्ताने कित्येक बस्ते सुटले, पाने स्कॅन झाली, याचा लाभ वंशावळ जुळवू पाहणाऱ्या प्रत्येकाला आहे. असा उतारा सापडला तर त्याची प्रमाणित नक्कल आणि अधिकृत भाषांतर घ्या. फसली सनाचे रूपांतर करणाऱ्याकडून महिनाही लिहून घ्या.

२१/
एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. कागद जुळत नाहीत म्हणून लोक आधी आधार बदलतात, कारण ते सोपे, आणि मग मूळ नोंद त्याप्रमाणे ‘दुरुस्त’ करायला निघतात. नकलेवरून अस्सल सुधारण्यासारखे हे आहे. राजवाड्यांच्या परंपरेत वाढलेल्या कोणालाही ते सहन होऊ नये. आधी सर्वांत जुना कागद पाहावा, मग त्याच्या दिशेने बाकीचे आणावेत. आणि जेथे खरोखर विसंगती आहे, तेथे ती उघड सांगून प्रतिज्ञापत्र जोडावे. १ जूनची तारीख अंदाजाने लिहिली होती हे सांगितल्याने फार तर प्रश्न विचारले जातात. खाडाखोड सापडली तर अर्ज नाकारला जातो, आणि खोट्या माहितीचा ठपका पुढच्या प्रत्येक अर्जात मागे लागतो.

२२/
निजाम गेला, फसली सन गेला. मग बीडची आजची मुले तरी सुटली का? सगळी नाही. येथे ऊसतोडीचा विषय काढावाच लागतो. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने १९५० पासून उभे राहू लागले आणि बीडच्या कोरडवाहू गावांतून माणसे कोयता घेऊन तिकडे जाऊ लागली. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट रुंद केली. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन टोळ्या निघतात : अहिल्यानगर, सातारा, सांगली, कोल्हापूर, काही पार कर्नाटकात. परततात मार्च-एप्रिलमध्ये.

२३/
पोराची शाळा मध्येच सुटते. परदेशी मजुरीचे नियमन करणाऱ्या १९८३ च्या कायद्याखाली, दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पासपोर्टवर सामान्यतः ‘तपासणी आवश्यक’ असा शेरा येतो, आणि आखातातल्या व इतर ठरावीक देशांत नोकरीसाठी जायला वेगळी मंजुरी लागते. हेतू फसवणुकीपासून संरक्षणाचा आहे. पण ज्याची दहावी उसाच्या फडात हुकली, त्याला ती मार्कलिस्ट पुन्हा विमानतळावर आडवी येते.

२४/
त्याहून नाजूक बाब जन्माची. कायद्याने जन्माची नोंद आईबापाच्या गावी होत नाही, जेथे जन्म झाला तेथे होते. चालत्या वाहनात बाळ जन्मले तर वाहन प्रथम जेथे थांबेल ते ठिकाण धरतात, आणि टोळ्या ट्रॅक्टर-ट्रकनेच हिंडतात. सांगलीजवळच्या कोपीत जन्मलेल्या बाळाची नोंद तेथल्या ग्रामपंचायतीत व्हायला हवी. आईबापाला त्या ग्रामसेवकाचे नावही ठाऊक नसते. दाखल्यात बाळाचे नाव नंतर घालता येते, पण त्यालाही पंधरा वर्षांची मर्यादा आहे. म्हणून नाव नसलेले दाखले बीडमध्ये सापडले तर नवल वाटू देऊ नका.

२५/
आजवर अशांना मार्ग होता. २०१६ च्या अखेरीपासून पासपोर्टसाठी शाळेचा दाखला, आधार, पॅन यांपैकी काहीही जन्मतारखेचा पुरावा म्हणून चाले. पण १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आता फक्त जन्मदाखला. गुरुजींचा १ जून त्यांच्या कामी येणार नाही. जन्मानंतर २१ दिवसांत वर्दी दिली तर नोंद विनाशुल्क होते. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत लेखी परवानगी आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश. जानेवारीत उसाच्या फडावर जन्मलेल्या बाळाची टोळी गावी परतते, तोवर हे एकवीस दिवस केव्हाच उलटलेले असतात.